लहानपणापासून जपलेली पुस्तकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातून, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कधी कारवार तर कधी भालकीहूनसुद्धा माझ्याकडे पुस्तकांचे फोटो येतात. कसर लागलेली पानं, सुटलेली शिवण, पहिल्या पानावरचं आजोबांचं अक्षर, आणि खाली एक ओळ : अक्का, याचं काय करू? मी बेळगावच्या शहापुरात घरीच जुनी पुस्तकं दुरुस्त करते. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या प्रश्नात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे काही दुर्मिळ ग्रंथ नाहीत, साधी गोष्टींची पुस्तकं आहेत. तीही जपायची का?

तीच जपायची. दुर्मिळ ग्रंथांकडे बघायला संस्था आहेत. तुमच्या पुस्तकावर तुम्ही दुसरीत गिरवलेलं नाव आहे, ती प्रत जगात एकच आहे.

२. पावसाळ्यात पुस्तकांना कुबट वास येतो, पानं मऊ पडतात. दरवर्षीचंच आहे. उपाय काय?

आपल्याकडे सगळीकडे पाऊस सारखा नाही. कणकुंबी-जांबोटीकडे चार महिने भिंती ओल्या असतात, बेळगावात आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, आणि अथणीकडे पुस्तकं बऱ्यापैकी सुकी राहतात. त्यामुळे कोणी पुण्याहून सांगितलेला उपाय तसाच्या तसा खानापुरात चालत नाही.

हवेतला दमटपणा पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर गेला आणि बरेच दिवस तिथेच राहिला की बुरशी धरते. दमटपणा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते कपाटात ठेवा. म्हणजे अंदाजावर राहावं लागत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस तिरका मारतो, तिथे पुस्तकांचं कपाट नको. दुसरी भिंत असली तरी कपाट चार बोटं पुढे ओढा, मागून हवा फिरली पाहिजे. पुस्तकं कोंबून भरू नका. एक पुस्तक ओढताना शेजारची दोन सोबत येत असतील, तर दाटी झाली असं समजा. उघडीप पडली की दारं उघडा, झड लागली की बंद करा. आमच्याकडे बरेच जण नेमकं उलट करतात : वास येतोय म्हणून भर झडीत कपाट उघडं टाकतात आणि बाहेरची ओल आत घेतात.

मोठी साफसफाई दसऱ्याला करा. खंडेनवमीला पूजेला दोन-चार पुस्तकं काढतोच, त्या आठवड्यात सगळीच काढा. ऑक्टोबरची हवा सुकी असते. पुस्तकं सावलीत, पंख्याखाली, थोडी उघडून उभी ठेवा. उन्हात नको, कव्हरचा रंग उडतो आणि पुठ्ठा वाकतो.

पांढरी-हिरवट बुरशी दिसत असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती आत चोळली जाते. पुस्तक आधी पूर्ण सुकू द्या, मग नाका-तोंडाला मास्क बांधून घराबाहेर मऊ ब्रशने झाडा.

३. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तकं आहेत. तिथेच राहू देऊ?

ट्रंकेत उंदीर आणि वाळवी सहसा शिरत नाहीत, हे खरं. पण रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या दमट हवेचं पाणी त्याला धरतं. ठेवायचीच असतील तर ट्रंक जमिनीवर न ठेवता पाटांवर ठेवा, आतून धुतलेलं सुती कापड अंथरा, पुस्तकं पत्र्याला चिकटू देऊ नका आणि महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी उघडा. बुटांच्या खोक्यात येतात तसल्या सिलिका जेलच्या एक-दोन पुड्यांनी एवढ्या मोठ्या ट्रंकेत फरक पडत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं त्याहून वाईट, कारण आत गेलेली ओल आतच राहते.

४. कसर लागली आहे. डांबर गोळ्या टाकू, कडुलिंबाचा पाला की वेखंड?

आधी कसर म्हणजे कोण ते बघा. चंदेरी, सपाट, शेपटीला तीन केस असलेला किडा पानाचा वरचा थर आणि खळ खातो, त्यामुळे पान खरवडल्यासारखं दिसतं. पानातून आरपार गोल भोकं असतील तर ते अळीचं काम आहे. मातीचा माग दिसला तर ती वाळवी. मग पुस्तकांचा विचार नंतर, आधी भिंतीचा आणि चौकटीचा बंदोबस्त.

डांबर गोळ्या मी वापरत नाही. त्यांचा वास पुस्तकाला वर्षानुवर्षं सोडत नाही, आणि तान्ह्या बाळांना ती वाफ घातक ठरू शकते. नातवंडं जी पुस्तकं मांडीवर घेऊन वाचणार त्यांत त्या नकोच.

कडुलिंबाचा पाला चालतो, पण कडकडीत सुकलेला आणि कापडाच्या पुरचुंडीत. ओला पाला पानांत घातला तर डाग पडतो, वर ओल वाढते. वेखंडाचे तुकडे जुन्या लोकांनी पोथ्यांच्या बासनात ठेवले ते उगीच नाही, तेही पुरचुंडीतच ठेवा. निपाणीकडच्या दोघा-तिघांनी तंबाखूची काडी ठेवतो असं कळवलं. तंबाखूत किडे मारणारं निकोटीन असतं, पण पानाला तपकिरी डागही पडतो. मी ठेवणार नाही.

लागलेली कीड मारायला खात्रीचा उपाय घरातलाच आहे. सुकं पुस्तक पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये, उणे अठरा अंशांवर, दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या. लगेच उघडलीत तर गार पुस्तकावर पाणी धरेल.

५. पानं पिवळी पडून तुकडे पडताहेत. पुन्हा पांढरी होतील का?

नाही. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात आम्ल असतं आणि तेच त्याला आतून खातं. उजेड आणि उष्णता कमी केली की वेग मंदावतो, इतकंच आपल्या हातात आहे. ब्लीच वगैरे लावायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. पानं हात लावताच मोडत असतील तर आधी सगळ्या पानांचे फोटो काढून घ्या (प्रश्न १३).

६. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू?

नको. पाच-दहा वर्षांत टेप सुटते, डिंक पानात उतरून पिवळा पट्टा राहतो आणि तो निघत नाही. मैद्याची पातळ खळ शिजवा, गार करा, जपानी टिश्यूची (दुरुस्तीसाठी मिळणारा पातळ पण चिवट कागद) पट्टी हाताने फाडून घ्या (कात्रीने कापलेली कड पानावर उठून दिसते) आणि चिरेवर बसवा. वर-खाली मेणकागद ठेवून एक रात्र वजनाखाली ठेवा. बाइंडर खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, त्याने कीड लागत नाही. पण ते विष आहे, घरात मुलं असतील तर साध्या खळीवरच भागवा. लॅमिनेशन कधीच करू नका, ते पुन्हा काढता येत नाही.

७. शिवण सुटली आहे. बाइंडिंगला देऊ का?

देण्याआधी एक वाक्य बोला : कडा कापायच्या नाहीत. हे वाक्य मी एकदा बोलले नाही. वडिलांनी मला सहावीत दिलेलं पुस्तक बाइंडिंगला टाकलं होतं. समासात त्यांनी पेन्सिलीने अवघड शब्दांचे अर्थ लिहिले होते, काही मराठीत, काही कन्नडमध्ये, कारण त्यांची शाळा कन्नड होती. पुस्तक छान रेक्झिनच्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरं टाकून परत आलं. तिन्ही कडा मशीनवर सरळ कापलेल्या. प्रत्येक शब्दाचं शेपूट गेलं. ‘निर्झर’ समोर त्यांनी काय लिहिलं होतं, ते आता मला अर्धंच वाचता येतं.

तेव्हा कडा कापू नका, जुनं कव्हर टाकू नका आणि गंजलेल्या पिना काढून दोऱ्याने शिवा, असं कागदावर लिहून द्या. दोन-चारच पानं सुटली असतील तर बाइंडिंगची गरजच नाही, पुस्तक सुती नाडीने बांधून ठेवा. कमीत कमी हात लावावा, या मताची मी आहे.

८. पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर आहे. काढून नवं प्लॅस्टिकचं घालू?

काढायच्या आधी आतली बाजू बघा. जूनमध्ये शाळा सुरू झाली की मागच्या वर्षीचं नाहीतर चालू वर्षाची उलटून गेलेली पानं कव्हराला लागायची, त्यामुळे कॅलेंडरचं पान पुस्तक कुठल्या वर्षी घरात वापरात होतं ते सांगतं. माझ्या चौथीतल्या पुस्तकाचं कव्हर मी काळजीपूर्वक सोडवलं, तर आत मार्च महिना निघाला, आणि चौकटीचौकटीत आईच्या हातचा दुधाचा हिशेब : १, १, दीड, खाडा, १. दीडच्या दिवशी पाडवा होता.

कॅलेंडरचा कागद आम्लाचा असतो आणि पुठ्ठ्याला डाग देतो, म्हणून कायम गुंडाळलेलं ठेवू नये. सोडवून, सपाट करून, एका लिफाफ्यात पुस्तकासोबत ठेवा. टाकू नका.

९. पहिली पानं गेली आहेत. पुस्तक कुठल्या काळातलं ते कसं ओळखायचं?

या प्रश्नावर मी तासन्‌तास बोलू शकते. खुणा भरपूर असतात, एकमेकींशी ताडून बघायच्या.

किंमत बघा. रुपये-आण्यांत असेल तर साधारण १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ छापलं असेल तर बहुधा १९५७ ते १९६४, पुढे ‘नये’ गळून नुसते पैसे राहिले. साल शकात असेल तर ७८ मिळवा : शके १८८० म्हणजे १९५८. जानेवारी ते पाडव्यापर्यंतच्या महिन्यांसाठी मात्र ७९.

पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. प्रकाशकाचा पत्ता नुसता ‘पुणे ३०’ किंवा ‘मुंबई ४’ असेल तर पुस्तक बहुधा त्याआधीचं, ४११०३० किंवा ४००००४ असेल तर नंतरचं.

शुद्धलेखन बघा. ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कां’ अशी टिंबं असतील तर १९६२ च्या नियमांच्या आधीचं वळण. काही प्रकाशक पुढेही तसंच छापत राहिले, म्हणून ही खूण एकटीवर सोडू नका. इ, उ ऐवजी ‘अि’, ‘अु’ अशी अ ची बाराखडी दिसली तर ती लिपिसुधारणेच्या काळातली.

आणि आपल्या भागाची खास खूण म्हणजे शिक्का. शाळेचा किंवा दुकानाचा शिक्का ‘मुंबई राज्य’ म्हणत असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, ‘म्हैसूर राज्य’ असेल तर १९५६ ते १९७३ मधला, ‘कर्नाटक’ असेल तर त्यानंतरचा. भालकी-बिदरकडे १९५६ पूर्वी हैदराबाद राज्य होतं. आमचं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, पलीकडच्या गल्लीत ब्रिटिश अंमल. एका घरातल्या एकाच पुस्तकावर तीन राज्यांचे शिक्के मी पाहिले आहेत, आणि ते पुस्तक त्या घरातून एकदाही हललेलं नव्हतं.

१०. मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात आहेत. माझी मराठी पुस्तकं त्यांना कशी वाचायला लावू?

लावू नका, वाचून दाखवा. रोज दोन पानं, झोपताना. आमच्या मुलांची एक गोष्ट लोक विसरतात : शाळेत हिंदी असेल तर देवनागरी त्यांना येते, आणि ‘ळ’ शिकवावा लागत नाही, कन्नडमुळे तो जिभेवर असतोच. अडतं ते जोडाक्षरांत आणि ‘च’-‘ज’ च्या दोन उच्चारांत : चमचा आणि चष्मा, जग आणि जहाज. एवढं ऐकून ऐकून बसतं.

जुन्या पुस्तकातली टिंबं (प्रश्न ९) पाहून मूल ‘घरान्त’ वाचतं. टिंब नाहीच असं समज, एवढंच त्याला सांगा. पेन्सिलीने ती खोडत बसू नका.

११. मी बेळगावात मराठी शाळेत शिकले. माझी पहिली-दुसरीची पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर मिळत नाहीत. का?

कारण तुम्ही बालभारतीची पुस्तकं शोधताय. बालभारती १९६७ साली महाराष्ट्रासाठी स्थापन झाली, आणि तिने आपली जुनी पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. आपल्याकडच्या मराठी शाळांत मात्र कर्नाटक सरकारने छापलेली मराठी पुस्तकं होती. धडे वेगळे, कविता वेगळ्या, चित्रं वेगळी. पुण्या-कोल्हापूरचे नातेवाईक ‘ती कविता आठवते का?’ म्हणतात तेव्हा आपण गप्प राहतो, त्याचं कारण हेच. यात आपलं काही चुकलेलं नाही.

म्हणूनच ही पुस्तकं रद्दीत घालू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. त्या मानाने छापली कमी गेली आणि वर्षाअखेर विकली किंवा पुढच्या मुलाला दिली गेली. तुमच्याकडे एखादं असेल तर फाटकं असलं तरी ठेवा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ ला सुरू झालं, त्याचे जुने अंक मात्र इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

१२. पुरात पुस्तकं भिजली. काय वाचवता येईल?

ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा सगळ्याच फुगल्या, तेव्हापासून हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. पहिले अठ्ठेचाळीस तास महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते.

पुस्तक उघडू नका. चिखल असेल तर बंद पुस्तक घट्ट धरून स्वच्छ पाण्यात हलकेच बुचकळा. खूप पुस्तकं असतील तर सगळ्यांच्या मागे एकदम लागू नका : थोडी हातात घ्या, बाकीची मेणकागद मध्ये घालून पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका. गोठलेल्या पुस्तकाची बुरशी थांबते, ते महिनाभरानेही सुकवता येतं. हातातल्या पुस्तकात दर दहा-वीस पानांनी कोरा शोषकागद घाला, तो बदलत राहा, पंखा खोलीत फिरता ठेवा. छापील वर्तमानपत्र घालू नका, शाई उमटते.

गुळगुळीत, चकचकीत कागदाची रंगीत पुस्तकं वेगळी. ती ओली असतानाच पान पान सुटं करायला लागतं. माझ्या मावसबहिणीने असं एक पुस्तक गच्चीवर उन्हात वाळत घातलं, संध्याकाळी त्याची वीट झाली होती. ते मलाही सोडवता आलं नाही.

१३. पुस्तक स्कॅन करून पीडीएफ ग्रुपवर टाकलं तर चालेल?

स्वतःच्या वापरासाठी स्कॅन करा, खुशाल. वाटायचं असेल तर हक्क संपलेत का ते बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं हक्क असतो. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहेत. पण चित्रकाराचा आणि अनुवादकाचा हक्क वेगळा मोजतात. मूळ मजकूर मुक्त आणि आतली चित्रं हक्काखाली, असं होऊ शकतं. रशियातून आलेली ती जाड पानांची मराठी पुस्तकं याच कारणाने अडकतात : मूळ लेखक जुना असला तरी अनुवाद अलीकडचा.

स्कॅन करताना पुस्तक सपाट दाबू नका, पाठ मोडते. खिडकीच्या उजेडात मोबाइलने, पुस्तक अर्धंच उघडून, एकेका पानाचा फोटो पुरतो.

१४. विकलं तर किती मिळतील?

लहान मुलांच्या वापरलेल्या पुस्तकाला सहसा फार नाही. लेखकाची सही असेल तर गोष्ट वेगळी. कवयित्री इंदिरा संत बेळगावातच राहत होत्या, त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या घरांत अशी सही निघू शकते. विकायची घाई करू नका.

१५. आम्ही तिघं भावंडं, पुस्तक एकच, आणि तिघांनाही ते हवं आहे.

पुस्तक फाडून वाटल्याचं एक उदाहरण माझ्यापर्यंत आलं आहे, ते करू नका. ज्याच्या घरी वाचायला लहान मूल आहे त्याच्याकडे मूळ प्रत, बाकीच्यांना चांगले फोटो छापून. दोन बहिणींनी दर दिवाळीला पुस्तक एकीकडून दुसरीकडे द्यायचं ठरवलं आहे, एकीचं घर बेळगावात, दुसरीचं गडहिंग्लजला. भाऊबीजेला ते पुस्तक सीमा ओलांडतं.

१६. द्यायची असतील तर कुठे द्यावी?

वाचनालयात नेण्याआधी विचारा, काय हवं आणि काय नको ते. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, पण कुठल्याही वाचनालयाला फाटकी, कसर लागलेली पुस्तकं नेऊन टाकणं बरं नव्हे, तिथल्या चांगल्या पुस्तकांना कीड लागते. कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत वाचणारी माणसं भेटतात, तिथे बोलून बघा. नावं लिहिलेलं पान फाडून देऊ नका.

१७. माझ्याकडच्या पुस्तकावर गावच्या शाळेच्या वाचनालयाचा शिक्का आहे. चौथीत घेतलं ते परत द्यायचं राहून गेलं. आता चाळीस वर्षं झाली. काय करू?

वर्षाला असे तीन-चार जण तरी विचारतात, आणि सगळे आवाज खाली करून विचारतात. शाळा चालू असेल तर परत करा. पुस्तक आधी दुरुस्त करा (प्रश्न ६ आणि ७), सोबत त्याच वयाच्या मुलांसाठी एक नवं घ्या आणि स्वतः जाऊन द्या, पोस्टाने पाठवू नका. शाळा बंद झाली असेल तर गावात दुसरी कुठली मराठी शाळा आहे ते बघा.

खानापूर तालुक्यातले एक काका माझ्याकडून पुस्तक शिवून घेऊन असेच गेले होते. बाईंनी ते चौथीच्या वर्गात मुलांच्या हाती दिलं. मागच्या कार्डावर काकांच्या नावाखाली, परत केल्याच्या रकान्यात, एका मुलीने त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढच्या ओळीत आपलं नाव लिहून पुस्तक घरी नेलं.